ज्ञानमंदिराचे दार उघडण्यापूर्वी
पाटण येथील श्री हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिराच्या पूर्वतयारीचा इतिहास

श्रावकाने आपले द्रव्य कोठे वेचावे याविषयी जैन परंपरेने जी सात क्षेत्रे सांगितली आहेत, त्यांत जिनबिंब आणि जिनमंदिर यांच्याबरोबरीने जिनागमाचा समावेश केलेला आहे. प्रतिमा घडविणे, मंदिर बांधणे हे जसे पुण्यकार्य, तसेच ग्रंथ लिहवून घेणे, त्यांचे जतन करणे आणि अभ्यासकाच्या हाती ते पोहोचविणे हेही पुण्यकार्यच होय. मुखपरंपरेने चालत आलेले श्रुत विस्मरणात जाऊ लागले, तेव्हा श्री देवर्धिगणि क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. तेव्हापासून ज्ञानभांडार ही संघाची एक आवश्यक संस्था बनली. दिगंबर परंपरेतही षट्खंडागमाच्या लेखनपूर्तीचे स्मरण म्हणून श्रुतपंचमीला शास्त्रपूजन होते.

समाजाने ग्रंथालय उभारावयाचे ठरविले म्हणजे प्रथम जागा, निधी आणि इमारत यांचाच विचार डोळ्यांपुढे येतो. वास्तू उभी राहते, उद्घाटनाचा दिवस ठरतो, पाहुणे येतात आणि समारंभ पार पडतो. परंतु त्या दिवसाच्या मागे किती वर्षांची आणि कोणत्या प्रकारची तयारी असावी लागते, याचा विचार क्वचितच होतो. गुजरातमधील पाटण येथे १९३९ साली उघडलेल्या श्री हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिराची हकिगत या दृष्टीने मननीय आहे. तेथील वास्तू उभारण्यास लागलेला काळ थोडा होता. ग्रंथ आणि माणसे यांना त्या वास्तूत येण्यासाठी सिद्ध करण्यास मात्र अनेक दशके लागली.

विद्यानगरी पाटण

अणहिलवाड पाटण ही चावडा वंशातील वनराजाने वसविलेली व पुढे सोलंकी राजांच्या काळात वैभवाला पोहोचलेली नगरी. सिद्धराज जयसिंह आणि परमार्हत कुमारपाल यांच्या काळात कलिकालसर्वज्ञ श्री हेमचंद्राचार्य यांचे वास्तव्य व ग्रंथरचना याच नगरीत झाली. सिद्धराजाच्या विनंतीवरून आचार्यश्रींनी रचलेले 'सिद्धहेमशब्दानुशासन' हे व्याकरण हत्तीवर ठेवून नगरातून मिरविण्यात आले आणि त्याच्या प्रती करण्यासाठी राजाने तीनशे लेखनिक बसविले, असे प्रबंधग्रंथ सांगतात. कुमारपालाने एकवीस ज्ञानभांडारे स्थापिल्याची आणि मंत्री वस्तुपालाने भांडारांसाठी अपार द्रव्य खर्चिल्याची परंपराही सर्वश्रुत आहे.

पुढे राज्य गेले, सुलतानी आक्रमण झाले, राजधानी अहमदाबादेस हलली. पाटणचे राजवैभव ओसरले. तरी ग्रंथसंपदा पूर्णपणे नाहीशी झाली नाही. संघवीचा पाडा, खेतरवशी, वाडी पार्श्वनाथ, भाभाचा पाडा अशा निरनिराळ्या वस्त्यांतील उपाश्रयांत, मंदिरांत व श्रावकांच्या देखरेखीखाली अनेक भांडारे टिकून राहिली. इ. स. ११०० मध्ये लिहिलेली 'निशीथचूर्णी'ची सचित्र ताडपत्रीय प्रत संघवीच्या पाड्यात होती. विक्रम संवत १४१८ मध्ये कापडावर लिहिलेली 'धर्मविधि' या ग्रंथाची दुर्मिळ प्रतही पाटणनेच सांभाळली. ताडपत्र, कागद आणि कापड अशा तिन्ही साधनांवरील लेखन ज्या एका गावात शतकानुशतके टिकले, अशी गावे भारतात फार थोडी आहेत.

कुलूप आणि त्यामागील भय

ही भांडारे सहजासहजी कोणासाठी उघडली जात नसत. अनेक ठिकाणी किल्ल्या एकाहून अधिक विश्वस्तांकडे असत व सर्वजण एकत्र आल्याखेरीज पेटी उघडत नसे. आजच्या वाचकाला हा संकुचितपणा वाटेल. परंतु त्यामागे इतिहासाचे कटू अनुभव होते. राजकीय उलथापालथींत ग्रंथ जळाले होते, विखुरले होते. एकदा गेलेला ग्रंथ परत येत नाही, हे पिढ्यान् पिढ्या ऐकत आलेल्या रक्षकांनी कुलूप हेच आपले कर्तव्य मानले. त्यांच्या या कठोरपणामुळेच पुष्कळ ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात या कुलपांना बाहेरून हाका येऊ लागल्या. १८२२ साली कर्नल जेम्स टॉड पाटणला येऊन गेला व त्याने येथील ग्रंथसंग्रहाची वार्ता युरोपात पोहोचविली. १८६८ पासून मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखितांचा पद्धतशीर शोध सुरू केला. त्या कामी डॉ. ब्यूलर, डॉ. कीलहॉर्न, डॉ. पीटरसन आणि आपल्या महाराष्ट्राचे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी गुजरात व राजस्थानातील भांडारे पाहिली. या शोधात सरकारने मिळविलेली हस्तलिखिते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ठेवण्यात आली आणि १९१८ साली ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आली. त्यांत जैन ग्रंथांचा मोठा भरणा आहे. विद्येच्या दृष्टीने हा लाभच झाला. परंतु आपले ग्रंथ गाव सोडून जाऊ शकतात, ही जाणीव भांडारांच्या रक्षकांना अधिक सावध करणारी ठरली. ग्रंथ गावातच राहावेत आणि तरीही अभ्यासकाला मिळावेत, हे कसे साधावे असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

बडोदे संस्थान आणि चिमणलाल दलाल

पाटण हे बडोदे संस्थानातील गाव होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेले श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी आपल्या राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या साहाय्याने गावोगावी ग्रंथालये उघडण्याची चळवळ उभारली. मुद्रित ग्रंथ खेड्यापर्यंत पोहोचावा यासाठी झटणाऱ्या या राजाचे लक्ष आपल्या राज्यातील हस्तलिखितांकडे जाणे स्वाभाविक होते. १८९२च्या सुमारास प्रा. मणिलाल नभुभाई द्विवेदी यांना पाटणची भांडारे पाहण्यासाठी पाठविण्यात आले होते. १९१४ साली बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील संस्कृत विभागाचे श्री. चिमणलाल डाह्याभाई दलाल यांच्यावर हे काम सोपविण्यात आले.

दलाल यांना भांडारांची दारे उघडली ती राजाज्ञेपेक्षाही एका मुनिवर्यांच्या शब्दामुळे. प्रवर्तक श्री कांतिविजयजी महाराज आणि त्यांचे शिष्य श्री चतुरविजयजी महाराज यांनी त्यांना मनःपूर्वक साहाय्य केले. या शोधाचे फळ म्हणून १९१६ साली 'गायकवाड ओरिएंटल सिरीज' ही ग्रंथमाला सुरू झाली. तिचा पहिलाच ग्रंथ राजशेखराची 'काव्यमीमांसा' हा होता. ज्याच्या पणजोबांचा 'महाराष्ट्रचूडामणि' असा गौरव झाला, त्या कवीचा हा ग्रंथ पाटणच्या जैन भांडाराने जपून ठेवला होता. धनपालाच्या अपभ्रंश 'भविसयत्तकहा'चे संपादन दलाल यांनी हाती घेतले होते. १९१८ साली त्यांचे अकाली निधन झाले आणि ते काम पुण्याच्या डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांनी पुढे चालविले. दुर्दैवाने १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वी गुणे हेही निवर्तले होते. दलाल यांनी पाटणला केलेल्या टिपणांवरून पं. लालचंद्र भगवानदास गांधी यांनी ताडपत्रीय प्रतींची वर्णनात्मक सूची सिद्ध केली. ती १९३७ साली, म्हणजे ज्ञानमंदिर उघडण्याच्या दोनच वर्षे आधी, प्रकाशित झाली.

गुरुपरंपरेचे तीन दुवे

श्री कांतिविजयजी हे श्री विजयानंदसूरि अर्थात आत्मारामजी महाराजांच्या परंपरेतील. भांडारे अंधारात राहिली तर ती वाळवीची होतील, ही त्यांची तळमळ होती. त्यांचे शिष्य श्री चतुरविजयजी आणि प्रशिष्य श्री पुण्यविजयजी यांनी तीच तळमळ पुढे नेली. वृद्ध गुरूंच्या सेवेसाठी श्री पुण्यविजयजींचे अनेक चातुर्मास पाटणमध्येच झाले आणि त्या सेवेबरोबर ग्रंथसेवाही घडत गेली.

आगमप्रभाकर श्री पुण्यविजयजी यांचा जन्म १८९५ साली कपडवंज येथे झाला. ते तान्हे असताना त्यांच्या वस्तीला आग लागली आणि घरात पाळण्यात राहिलेल्या बालकाला एका बोहरी गृहस्थाने बाहेर काढून वाचविले, अशी हकिगत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. १९०९ साली लहान वयातच त्यांनी दीक्षा घेतली; त्यांच्या मातोश्रींनीही संयममार्ग स्वीकारला. अग्नीतून वाचलेल्या या बालकाने पुढे हजारो ग्रंथ अग्नी, पाणी आणि विस्मृती यांपासून वाचविले. पाटणचे अरुंद रस्ते आणि लाकडी बांधणीची घरे पाहता अग्नीची भीती काल्पनिक नव्हती. म्हणूनच नवी वास्तू आगीपासून सुरक्षित असावी, हा विचार प्रारंभापासून प्रमुख राहिला.

ग्रंथ सिद्ध करण्याचे काम

भांडार उघडल्यावर नीटनेटक्या पोथ्या हाती येतात, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. कित्येक ठिकाणी पोथ्यांचे दोरे तुटलेले, पाने एकमेकांत मिसळलेली, वरच्या फळ्या हरवलेल्या असत. जुन्या शाईत डिंक असे. पावसाळ्यातील दमट हवेने तो ओलावला की कागदाची पाने एकमेकांना चिकटून पोथीची जणू वीट होई. श्री पुण्यविजयजींनी १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय जैन श्रमण संस्कृति अने लेखनकला' या गुजराती ग्रंथात लेखनसाहित्य, लिपी, शाई, पोथीबांधणी आणि जतन यांची सविस्तर माहिती दिली आहे. तो ग्रंथ ग्रंथागारातील प्रत्यक्ष अनुभवातून लिहिलेला आहे.

चिकटलेली पोथी बळाने उघडल्यास अक्षरे निघून येतात. म्हणून ती काही काळ दमट हवेत ठेवावी, पाने सैल झाली की एकेक हलक्या हाताने सोडवावीत आणि पुन्हा चिकटू नयेत म्हणून त्यांवर गुलाल पसरावा, अशी जुनी रीत होती. वाळून कडक झालेली ताडपत्रे ओलसर कापडाच्या साहाय्याने मऊ करून मगच विलग करावी लागत. कसरीपासून रक्षणासाठी पोथ्यांजवळ वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवीत. प्रत्येक पोथी दोन फळ्यांत धरून, कापडी वेष्टनात घट्ट बांधून डब्यात ठेवली जाई. पाणी, तेल आणि सैल बांधणी यांपासून आपल्याला वाचवावे अशी ग्रंथाच्या तोंडून केलेली विनवणी जुने लेखनिक पोथीच्या शेवटी लिहीत. त्या विनवणीचा अर्थ या कामात पदोपदी पटतो.

याहूनही कठीण काम होते ते सुट्या पानांची जुळणी करण्याचे. ताडपत्रीय पोथीत पानाच्या एका बाजूस अंक आणि दुसऱ्या बाजूस अक्षरांच्या रूपातील संख्या लिहिण्याची पद्धत होती. ही अक्षरांकांची भाषा ज्याला अवगत नाही, त्याला पानांचा क्रम लावता येत नाही. जेथे अंकच झिजले असतील तेथे पानाची लांबी-रुंदी, ओळींची संख्या, हस्ताक्षराचे वळण आणि अखेरीस विषय पाहून पान आपल्या ग्रंथात परत बसवावे लागे. एका पानासाठी अनेक ग्रंथ चाळावे लागत. मग ग्रंथाचे नाव, कर्ता, भाषा, पानांची संख्या, लेखनसंवत आणि प्रतीची अवस्था यांची नोंद होई. डब्याला आणि पोथीला क्रमांक मिळे. हा सर्व खटाटोप विहार, व्याख्यान आणि साधुजीवनाची नित्य क्रिया सांभाळून चालला होता. याच काळात गुरु-शिष्यांचे 'बृहत्कल्पसूत्र'च्या सहा भागांचे संपादनही सुरू होते.

मने सिद्ध करण्याचे काम

ग्रंथांपेक्षाही अवघड होती ती रक्षकांची संमती. प्रत्येक भांडाराला स्वतःचा गच्छ, स्वतःची वस्ती आणि स्वतःचा इतिहास होता. पूर्वजांनी सांभाळलेली ठेव एका सामायिक वास्तूत नेऊन ठेवावयाची, म्हणजे आपल्या अधिकारावर पाणी सोडावयाचे, असे वाटणे मनुष्यस्वभावाला धरूनच होते. साधूंच्या हाती मालकी नव्हती आणि त्यांना ती नकोही होती; त्यांच्यापाशी होता तो केवळ वर्षानुवर्षे मिळविलेला विश्वास. ज्या मुनींनी आपल्या पोथ्या स्वतः बसून पुसल्या, बांधल्या आणि एकही पान न हरवता परत डब्यात ठेवल्या, त्यांच्या सांगण्यावर लोकांनी हळूहळू भरवसा ठेवला.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. एकत्र आलेल्या संग्रहांची मूळ ओळख पुसली गेली नाही. ताडपत्रांच्या सूचीत कोणती प्रत कोणत्या भांडाराची, हे पुढेही नोंदले जात राहिले. सर्वांनी एकाच वेळी होकार दिला असेही नाही. संघवीच्या पाड्यातील ताडपत्रांचा मौल्यवान संग्रह ज्ञानमंदिरात आला तो पुढे काही दशकांनी. भाभाच्या पाड्याचा संग्रह तर दीर्घकाळ स्वतंत्रच राहिला. जे आले त्यांचे स्वागत झाले, जे आले नाहीत त्यांच्यासाठी दार उघडे राहिले. घाईने केलेल्या एकीकरणापेक्षा हा मार्ग संथ होता, परंतु त्यातून संघात दुही माजली नाही.

उद्घाटनाचा दिवस

शेठ हेमचंद मोहनलाल यांच्या कुटुंबाच्या औदार्यातून पंचासरा पार्श्वनाथ मंदिराच्या परिसरात अग्निरोधक वास्तू उभी राहिली. तिला श्री हेमचंद्राचार्यांचे नाव देण्यात आले. ७ एप्रिल १९३९ रोजी मुंबई इलाख्याचे तत्कालीन गृहमंत्री आणि 'पाटणनी प्रभुता' या कादंबरीचे लेखक श्री. कन्हैयालाल मुनशी यांच्या हस्ते ज्ञानमंदिराचे उद्घाटन झाले. त्याच निमित्ताने गुजराती साहित्य परिषदेने पाटणमध्ये 'हैम सारस्वत सत्र' भरविले. ज्या नगरातून आठशे वर्षांपूर्वी एका व्याकरणग्रंथाची मिरवणूक निघाल्याचे सांगतात, त्या नगरात पुन्हा एकदा विद्वज्जन ग्रंथांच्या सन्मानासाठी एकत्र आले. हा दिवस पाहण्याचे भाग्य श्रीमंत सयाजीरावांना लाभले नाही. दोनच महिने आधी, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, त्यांचे मुंबईत देहावसान झाले होते. वयोवृद्ध प्रवर्तक श्री कांतिविजयजींना मात्र आपला संकल्प सिद्धीस गेलेला पाहता आला.

भांडाराने काय राखले होते

दारे उघडल्यानंतर जगापुढे काय आले, हे पाहिले म्हणजे या परिश्रमांचे मोल कळते. भांडारात आगम आणि त्यांवरील टीका होत्याच. परंतु बौद्ध आचार्य शांतरक्षित यांचा 'तत्त्वसंग्रह' कमलशीलाच्या टीकेसह पाटणच्या ताडपत्रांमुळे प्रकाशात येऊ शकला. त्याहून आश्चर्याची गोष्ट जयराशि भट्टाच्या 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथाची. सर्वच दर्शनांच्या प्रमाणविचारावर प्रहार करणारा, चार्वाक परंपरेशी जोडला जाणारा हा ग्रंथ पाटणच्या एका ताडपत्रीय प्रतीमुळेच वाचला. १९२६ साली ती प्रत हाती आली आणि पं. सुखलालजी व श्री. रसिकलाल परीख यांनी १९४० साली तिचे संपादन प्रसिद्ध केले. आत्मा, परलोक आणि कर्म यांवर ज्यांची श्रद्धा अढळ, त्यांनी आपल्या विरोधकाचे म्हणणेही शतकानुशतके फळ्यांत बांधून जपले. अनेकान्ताचा याहून बोलका पुरावा कोणता असू शकेल?

ज्ञानमंदिरातील कामही उद्घाटनाने संपले नाही. येथील कागदी प्रतींची श्री पुण्यविजयजींनी सिद्ध केलेली सूची १९७२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते हयात नव्हते. १९७१ साली मुंबईत ते कालधर्म पावले होते. मधल्या काळात त्यांनी जेसलमेरच्या भांडारांची पुनर्व्यवस्था केली, शेठ कस्तूरभाई लालभाई यांच्या सहकार्याने अहमदाबादेत स्थापन झालेल्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिराला आपला मोठा ग्रंथसंग्रह दिला आणि मुंबईच्या श्री महावीर जैन विद्यालयाच्या आगम ग्रंथमालेचा पाया घातला. १९९१ साली श्री जंबूविजयजी महाराजांच्या प्रयत्नांतून पाटणच्या भांडारांची एकत्रित सूची प्रसिद्ध झाली, ज्यात सुमारे वीस हजार प्रतींची नोंद आहे. उद्घाटनानंतर अर्धशतकाहून अधिक काळ ही सूची घडत राहिली, यातच या कामाचे स्वरूप स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील समाजासाठी

हा इतिहास केवळ गुजरातचा नाही. विदर्भातील कारंजा येथील भांडारांतून मिळालेल्या अपभ्रंश ग्रंथांचे संपादन डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी कारंजा जैन ग्रंथमालेत केले आणि त्यामुळे अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. मुंबईचे प्रा. हरि दामोदर वेलणकर यांनी निरनिराळ्या भांडारांच्या सूची एकत्र करून 'जिनरत्नकोश' हा जैन ग्रंथांचा महाकोश रचला आणि भांडारकर संस्थेने तो १९४४ साली प्रसिद्ध केला. जेथे सूची झाली, तेथील ग्रंथ जगाला मिळाले. जेथे ती झाली नाही, तेथे ग्रंथ असूनही नसल्यासारखेच राहिले.

महाराष्ट्रातील कित्येक गावांत आजही मंदिरांच्या आणि जुन्या वाड्यांच्या कपाटांत पोथ्यांची गाठोडी आहेत. काहींच्या किल्ल्या वयोवृद्ध श्रावकांकडे आहेत आणि आत काय आहे याची स्मृती त्यांच्याबरोबरच मावळण्याचा संभव आहे. अशा गावांनी लगेच मोठी वास्तू बांधावी अशी अपेक्षा नाही. दरवर्षी कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते. पावसाळ्यातील ओल निघून जावी, पोथ्यांना वारा लागावा, वेष्टने बदलावीत, हाच ज्ञानपंचमीच्या पूजनामागील व्यवहार होता. त्या दिवशी वासक्षेप आणि दीप यांच्याबरोबर एक कोरी वही घेऊन बसावे, प्रत्येक पोथी उघडावी आणि तिचे नाव, पानांची संख्या व अवस्था नोंदवावी. नाव वाचता आले नाही तर जाणकारास विचारावे. पाटणच्या मुनिवर्यांनी याहून वेगळे काही केले नाही. त्यांनी ते न थकता अनेक वर्षे केले. त्यांच्या श्रुतभक्तीला या निमित्ताने त्रिवार वंदन.